चढ आणि हद्द : पिट्सबर्गमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

पिट्सबर्गला नोकरी लागली किंवा विद्यापीठात प्रवेश मिळाला की बहुतेक जण पहिल्या संध्याकाळी जे करतात तेच मीही केले होते. नकाशा उघडला, कामाच्या ठिकाणापासून घरापर्यंतचे अंतर पाहिले, 'चालत बारा मिनिटे' असे वाचले आणि भारतातूनच खोली पक्की करून टाकली. येथे आल्यावर कळले की त्या बारा मिनिटांतला जो तुकडा नकाशावर रस्ता म्हणून नाव देऊन दाखवला होता, तो टेकडीच्या अंगावरून चढणारा सिमेंटचा जिना होता. पहिल्या आठवड्यात वीस पौंडांची कणकेची पिशवी खांद्यावर घेऊन त्या पायऱ्या चढताना मी तीनदा थांबलो. तिसऱ्या वेळी वरून उतरणाऱ्या एका आजीबाईंनी हसून सांगितले की त्या स्वतः महिन्यातून एकदाच, तेही हातगाडीने आणि बसने, किराणा आणतात.

या शहरात असे सातशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतले कित्येक कागदोपत्री 'रस्ते'च आहेत. अ‍ॅलेघेनी आणि मोनाँगहीला या दोन नद्या जेथे एकत्र येऊन ओहायो नदी होते, त्या टोकाला शहराचा मध्यभाग आहे आणि तेथून बाहेर पडणारी प्रत्येक वाट कोठे ना कोठे टेकडी, दरी, पूल किंवा बोगदा गाठते. दुसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही, ती म्हणजे नगरपालिकांच्या हद्दी. या दोन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर घर, बस, कर, शाळा आणि हिवाळा यांचे निम्मे प्रश्न पहिल्याच महिन्यात सुटतात. म्हणून पुढील क्रम मुद्दाम त्या अंगाने लावला आहे.

पहिली पायरी : जागा निवडताना

शक्य असेल तर दूरवरून वर्षभराचा करार करू नका. पहिले दोन-तीन आठवडे ओळखीच्या घरी किंवा अल्पमुदतीच्या खोलीत काढा, आणि जे घर आवडेल त्या घरापासून कामापर्यंतची फेरी सकाळी आठ वाजता, पायी आणि बसने, स्वतः करून पाहा. उताराने जाताना सगळेच घर जवळ वाटते. म्हणून परतीची फेरी हातात सामान घेऊन करा. बीचव्ह्यू वस्तीतल्या कॅन्टन अ‍ॅव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे. तेथे कोणी तुम्हाला राहायला सांगणार नाही, पण त्याच्या निम्म्या चढाच्या गल्ल्या शहरात जागोजागी आहेत.

शहरात ९० वस्त्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. ओकलंड ही विद्यापीठांची आणि रुग्णालयांची वस्ती आहे. विद्यार्थ्यांना ती सोयीची, पण घरे जुनी आणि रात्री गजबज फार. तेथील बहुतेक भाडेकरार ऑगस्टमध्ये सुरू होतात, त्यामुळे चांगल्या जागा वसंत ऋतूतच संपतात आणि जुलैअखेर फुटपाथांवर टाकून दिलेल्या गाद्यांचे ढीग दिसतात (त्या गाद्या उचलून आणू नका, ढेकणांची शक्यता दाट असते). स्क्विरल हिल आणि शेडीसाइड या वस्त्यांत दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि बस वारंवार मिळते. कुटुंबासाठी मी स्वतः स्क्विरल हिलला झुकते माप देईन. ग्रीनफिल्ड थोडे स्वस्त, पण चढाचे. गाडी असेल आणि अंगण हवे असेल, तर दक्षिणेकडील माउंट लेबनन, ग्रीन ट्री, स्कॉट टाउनशिप किंवा पूर्वेकडील मन्रोव्हिल या भागांचा विचार करावा. भारतीय कुटुंबे तेथे बऱ्यापैकी आहेत.

१९५० साली येथे सुमारे ६ लाख ७७ हजार लोक राहत होते. पोलादाचे कारखाने बंद पडत गेले आणि २०२० च्या जनगणनेत ही संख्या ३ लाख ३ हजारांवर आली. घरांची भाडी न्यूयॉर्क किंवा बोस्टनच्या मानाने आवाक्यात का आहेत आणि घरे एवढी जुनी का आहेत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन आकड्यांत आहे.

दुसरी पायरी : घर पाहताना आणि करार करताना

जुन्या घरात शिरल्यावर आधी तळघरात जा. भिंतींवर पांढरी बुरशी किंवा ओलीचा पट्टा दिसतो का, पावसानंतर वास येतो का, हे पाहा. तळघराच्या मध्यभागी, ना भिंत ना आडोसा, असा एकटाच शौचकूप दिसला तर दचकू नका. पिट्सबर्गच्या जुन्या घरांची ती ओळखच आहे. कारखान्यातून आलेले कामगार घरात वर येण्याआधी तेथेच स्वच्छ होत असत, असे सांगतात.

त्यानंतर घरमालकाला तीन प्रश्न लेखी विचारा. पहिला, घर उबदार ठेवणारी भट्टी गॅसवर चालते की विजेवर, आणि मागच्या जानेवारीचे बिल किती आले होते. भाडे शंभर डॉलरने कमी असलेले पण खिडक्या फटीच्या असलेले घर हिवाळ्यात तो फरक केव्हाच गिळून टाकते. दुसरा, रस्त्यापासून घरापर्यंत येणारी पाण्याची नळी शिशाची आहे का. २०१६ साली शहराच्या पाण्यातील शिशाचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले होते. त्यानंतर हजारो नळ्या बदलल्या गेल्या, पण तुमची बदलली की नाही हे विचारल्याशिवाय समजत नाही. घरात लहान मूल असेल तर उत्तर येईपर्यंत शिसे काढणारा फिल्टर वापरावा. तिसरा प्रश्न, दारापुढील बर्फ कोण काढणार. त्याचे कारण पुढे येईल.

अनामत रकमेबाबत पेनसिल्व्हेनियाचा कायदा भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक आणि दुसऱ्या वर्षापासून एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांच्या आत मालकाने नुकसानीची यादी आणि उरलेली रक्कम द्यावी लागते, मात्र त्यासाठी तुम्ही आपला नवा पत्ता त्याला लेखी कळवलेला असला पाहिजे. ही एक ओळ न लिहिल्यामुळे पैसे गमावणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. घरात शिरण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, गालिच्यावरील डागांचे आणि ओव्हनच्या आतील भागाचे फोटो काढून मालकाला ईमेलने पाठवून ठेवावेत.

तिसरी पायरी : पत्ता आणि कर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण येथेच सर्वाधिक लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा.

पेनसिल्व्हेनिया राज्याचा आयकर सर्वांना एकाच दराने, म्हणजे ३.०७ टक्के, लागतो. तो पगारातून आपोआप कापला जातो आणि त्यात गोंधळ सहसा होत नाही. त्याखेरीज तुम्ही ज्या नगरपालिकेत आणि शाळा-जिल्ह्यात (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत) राहता, तिचा स्थानिक कर पगारावर लागतो. पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांना तो ३ टक्के आहे, त्यातला १ टक्का शहराचा आणि २ टक्के शाळांचा. शहराबाहेरील अनेक उपनगरांत तोच १ टक्क्याच्या आसपास असतो. पगार ७०,००० डॉलर असेल तर ३ टक्क्यांचे २,१०० आणि १ टक्क्याचे ७०० डॉलर होतात, म्हणजे हद्दीच्या एका रेषेमुळे वर्षाला १,४०० डॉलरचा फरक पडतो. घराच्या भाड्याची तुलना करताना ही रक्कम बाराने भागून भाड्यात मिळवावी.

अडचण अशी, की टपालाचा पत्ता आणि हद्द यांचा मेळ बसत नाही. अ‍ॅलेघेनी काउंटीत (पिट्सबर्ग ज्यात येते तो प्रशासकीय विभाग) १३० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या पत्त्यात शहर म्हणून 'पिट्सबर्ग'च लिहितात. आम्ही ग्रीन ट्रीला राहायला गेलो तेव्हा माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या पगार विभागाने पत्त्यातले नाव पाहून मला शहरवासी ठरवले आणि सात महिने शहराच्या दराने कर कापला. रक्कम परत मिळाली, पण ती मिळवण्यासाठी फोन, पत्रे आणि एक पूर्ण वसंत ऋतू खर्ची पडला. म्हणून नोकरीवर रुजू होताना जो निवासाचा दाखला भरून घेतात, त्यावरील सहा अंकी पीएसडी कोड (तुमची पालिका आणि शाळा-जिल्हा दाखवणारा क्रमांक) स्वतः शोधून भरा आणि पहिल्या पगारपत्रकावर तोच आहे ना, हे पाहा. पालिका कोणती याविषयी शंका असल्यास काउंटीच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदींत घराचा पत्ता टाकला की खरे नाव मिळते.

स्थानिक कराचे विवरणपत्र केंद्राच्या आणि राज्याच्या विवरणपत्रांहून वेगळे असते आणि तेही १५ एप्रिलपर्यंत भरावे लागते. भारतीय मंडळी मोठी दोन विवरणपत्रे भरून निश्चिंत होतात आणि तिसऱ्याची आठवण दोन वर्षांनी दंडाच्या पत्राने होते. शहरात नोकरी असेल तर वर्षाला ५२ डॉलरचा एक छोटा कर आणखी कापलेला दिसेल. तो योग्यच आहे.

हीच हद्द मुलांची शाळाही ठरवते. घर कोणत्या शाळा-जिल्ह्यात येते हे करार करण्यापूर्वी त्या जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन करून विचारावे. घर दाखवणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

चौथी पायरी : ये-जा

गाडीवाचून येथे राहता येते, पण घर बसच्या चांगल्या मार्गावर असेल तरच. एका वेळचे भाडे २.७५ डॉलर आहे आणि कनेक्टकार्डाने (बसभाड्याच्या कार्डाने) भरल्यास तीन तासांत दुसरी बस फुकट बदलता येते. पिट (म्हणजे पिट्सबर्ग) विद्यापीठ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावरच प्रवास करता येतो. स्क्विरल हिल ते ओकलंड आणि शहराचा मध्य असे जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या बसगाड्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे आहेत. मध्यभागाकडून येताना स्क्विरल हिलमधल्या फोर्ब्स आणि मरे या रस्त्यांच्या चौकापर्यंत कोणतीही चालते, त्यापुढे त्यांचे मार्ग फुटतात. रात्री चुकीच्या अक्षराच्या बसमध्ये बसून भलत्याच टेकडीवर उतरणे हा येथील प्रत्येकाचा एकदाचा अनुभव असतो. विमानतळावरून २८एक्स ही बस मध्यभागी आणि ओकलंडला येते. दोन बॅगा असतील तरी ती पुरते. 'टी' नावाची हलकी रेल्वे मुख्यतः दक्षिणेकडील उपनगरांना जोडते आणि मध्यभागातल्या स्थानकांमध्ये विनामूल्य आहे. पूर्वेकडील वस्त्यांना मात्र ती जात नाही.

गाडी घ्यायची असेल तर भारतीय लायसन्स येथे बदलून मिळत नाही, सगळी परीक्षा द्यावी लागते. आधी डॉक्टरकडून शारीरिक तपासणीचा अर्ज भरून घ्यायचा, मग १८ प्रश्नांची लेखी चाचणी, तीत १५ उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत २४ फूट लांब आणि ८ फूट रुंद जागेत गाडी समांतर उभी करून दाखवावी लागते, त्यासाठी जास्तीत जास्त तीनदा पुढेमागे करता येते. पुण्या-मुंबईत वीस वर्षे गाडी चालवलेले लोक नेमके येथे नापास होतात, कारण त्यांना ही गोष्ट कोणी मोजून शिकवलेली नसते. जुनी गाडी घेताना समोरच्या काचेवरील तपासणीच्या चिकटपट्ट्यांवरचा महिना पाहा. सुरक्षेची आणि धुराची तपासणी येथे दर वर्षी करावी लागते आणि महिन्याभरात ती संपणार असेल तर विक्रेत्याला ती करून द्यायला सांगा.

चौकात हिरवा दिवा लागताच समोरचा डावीकडे वळणारा चालक तुमच्या आधी सटकन वळेल. याला 'पिट्सबर्ग लेफ्ट' म्हणतात. कायद्यात ते बसत नाही, पण शहराच्या अंगवळणी पडले आहे. आपण तसे वळू नये, आणि समोरच्याने वळल्यास हॉर्नही वाजवू नये.

पाचवी पायरी : डॉक्टर

येथे रुग्णालयांची दोन मोठी साम्राज्ये आहेत, यूपीएमसी आणि अ‍ॅलेघेनी हेल्थ नेटवर्क. तुमचा विमा कोणत्या डॉक्टरांना पूर्ण मान्यता देतो हे योजनेगणिक बदलते. त्यामुळे नोकरीत विम्याचे पर्याय पुढे येतील तेव्हा हप्ता पाहण्याआधी नेटवर्क पाहा आणि घराजवळचे रुग्णालय त्यात आहे का ते तपासा. विम्याचे कार्ड हातात पडले की लगेच नेहमीच्या डॉक्टरची पहिली वेळ ठरवून टाका. नव्या रुग्णाला कित्येक आठवडे थांबावे लागते आणि ताप आल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो. ताप, मुरगळ, घसादुखी यांसाठी अर्जंट केअर आणि छातीत दुखणे, अपघात, श्वास अडकणे यांसाठीच इमर्जन्सी रूम, हा भेद घरातल्या सर्वांना पाठ असावा, कारण बिलात तो फार मोठा ठरतो. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी तारखांसह इंग्रजीत आणा. शाळा त्या मागतातच.

सहावी पायरी : स्वयंपाकघर आणि कचरा

फोडणीचा धूर आणि छतावरचा धूरसूचक यांचे वैर पहिल्याच रविवारी उघड होते. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीतच सोडत असेल, तर तो चालू ठेवून उपयोग नाही. खिडकी उघडून मगच तेल तापवा. सूचकावर पिशवी बांधू नका किंवा त्यातली बॅटरी काढू नका.

भारतीय किराणा ओकलंडजवळ थोडाफार आणि मन्रोव्हिल व दक्षिण उपनगरांत भरपूर मिळतो. ज्वारीचे पीठ मात्र दळल्याची तारीख पाहून घ्या. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि चव कडवट लागते. थंडीत गोठणकप्प्यात ठेवलेले पीठ जास्त टिकते. भाज्या, मासे आणि मसाल्यांसाठी शनिवारी सकाळी लवकर स्ट्रिप डिस्ट्रिक्टला जावे. मोठ्या दुकानांत जायची उत्तम वेळ म्हणजे स्टीलर्स या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना चालू असतानाची रविवार दुपार, कारण तेव्हा सारे गाव दूरचित्रवाणीसमोर असते. खाद्यपदार्थांवर आणि कपड्यांवर बहुतेक करून विक्रीकर नाही. इतर वस्तूंवर ७ टक्के आहे. शहरात २०२३ पासून दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळत नाहीत आणि कागदी पिशवीला १० सेंट पडतात, तेव्हा घरच्या कापडी पिशव्या बरोबर घ्या. ओला-सुका सगळा कचरा दर आठवड्याला आणि पुनर्वापराचा कचरा एक आठवड्याआड उचलतात.

सातवी पायरी : हिवाळा आणि हवा

नोव्हेंबर ते मार्च आकाश बहुतेक दिवस राखाडी असते. बर्फापेक्षा हेच नवख्यांच्या मनावर जास्त येते, असे माझे मत आहे. दुपारी जो काही उजेड असेल त्यात अर्धा तास बाहेर पडण्याची सवय ऑक्टोबरातच लावून घ्यावी. बर्फ थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरापुढील फुटपाथ मोकळा करणे शहराच्या नियमाने बंधनकारक आहे, म्हणून तो प्रश्न करारात आधीच मिटवायचा. जिन्यांवरचा बर्फ मात्र दिवसेंदिवस राहतो. त्या महिन्यांत लांबचा पण सपाट रस्ता धरावा. बुटांचा तळवा खोबणीचा हवा, आणि फुटपाथ ओला दिसतो पण पाऊस झालेला नाही अशा सकाळी तो ओलावा नसून काचेसारखा बर्फ आहे असे समजूनच पाऊल टाकावे. हिमवृष्टीच्या दिवशी शाळा 'टू-अवर डिले' म्हणजे दोन तास उशिरा भरतात. नोकरी करणाऱ्या आईवडिलांनी त्या दोन तासांसाठी शेजारी एक घर ठरवून ठेवावे.

बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या रस्त्यालगतच्या जागेत कोणी जुनी खुर्ची ठेवलेली दिसेल. ती त्या माणसाच्या गाडीची राखीव जागा. कायद्याने तिला काही अर्थ नाही, पण ती खुर्ची हलवू नका.

काही सकाळी, विशेषतः शरद ऋतूत, खिडकी उघडताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. रात्री थंड हवा दरीत साचते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि मोनाँगहीला खोऱ्यातल्या कारखान्यांचा, त्यांत क्लेअरटनचा कोक (पोलादासाठी दगडी कोळशापासून केलेले इंधन) बनवणारा कारखाना मोठा, धूर खालीच अडकतो. याच नदीकाठी डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये अशाच झाकणाखाली २० माणसे दगावली होती. आजची हवा तितकी वाईट मुळीच नाही, पण घरात दमेकरी असेल तर कामावर निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक पाहावा, सकाळचे फिरणे दुपारवर ढकलावे आणि निजण्याच्या खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवावे. वास कोठे आणि किती आला हे नोंदवण्यासाठी कार्नेगी मेलनमध्ये तयार झालेले 'स्मेल पीजीएच' नावाचे अ‍ॅप आहे. मराठी घरांत ते वापरणारे वाढले तर मला आनंदच होईल.

आठवी पायरी : सुट्टीचे दिवस

भाडेकरार किंवा विजेचे बिल घेऊन कार्नेगी ग्रंथालयाच्या कोणत्याही शाखेत जा, कार्ड विनामूल्य मिळते. ओकलंडची मुख्य इमारत १८९५ सालची आहे. विक्रीकरात काउंटी जो एक टक्का जादा घेते, त्यातला निम्मा ग्रंथालये, उद्याने आणि संग्रहालये यांना जातो, म्हणजे तुम्ही त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. फ्रिक आणि शेन्ली ही उद्याने पायवाटांची आहेत. पेन हिल्सचे श्री वेंकटेश्वर मंदिर आणि मन्रोव्हिलचे हिंदू-जैन मंदिर टेकड्यांवर आहेत. रविवारी बस कमी धावतात, त्यामुळे गाडी नसेल तर जाण्याआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून घ्या. भारतात फोन लावताना उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवायचे, म्हणजे येथील सकाळचा चहा झाला की तिकडे संध्याकाळची दिवेलागण झालेली असते.